चालठसा

यंदा किल्ल्याला चार रंगांची माती मिळाली होती, त्यामुळे हिरण्यकेशी अपार्टमेंटची पोरं भलतीच खुशीत होती. तळमजल्यावर नवीन राहायला आलेले मगदूम माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. शेतकऱ्यांनी दिलेले नमुने तपासून झाले की उरलेली माती तिथे टाकूनच देतात. ती त्यांनी पोरांसाठी पोत्यांत भरून आणली. शिरोळची काळी, गगनबावड्याची तांबडी, आजऱ्याची पिवळसर आणि कुठली तरी पांढुरकी. पन्हाळ्याचा तीन दरवाजा कुठल्या मातीचा करायचा यावर पोरांची भांडणं चालली होती, आणि मगदूम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, त्यांना चिखल तुडवून देत होते.

गेटाजवळच्या कट्ट्यावर बसून प्रणिता खराडे हे बघत होती. तिची आठ वर्षांची शिवन्या कोपरापर्यंत चिखलात होती. शेजारी सोसायटीच्या सेक्रेटरी चौगुलेकाकू आणि आणखी दोघी बसल्या होत्या. चौघींच्याही मनगटावर जागल्या होता.

जागल्या म्हणजे पूर्वी गावात गस्त घालणारा राखणदार. सरकारने मनगटावरच्या या पट्ट्याला तेच नाव दिलं होतं. मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची नोंद पोलिसांकडे बरीच वर्षं होती, पण ती सामान्य माणसाला बघायला मिळत नसे. आमच्या शेजारी कोण राहतं हे आम्हाला कळायला नको का, असं म्हणत आईबापांनी मोर्चे काढले. नावं सरळ जाहीर करायला सरकार धजावलं नाही. एका नावाचे दहा जण असतात, लोक भलत्यालाच ठेचतील, ही भीती खोटी नव्हती. म्हणून मग चालठसा आला.

अंगठ्याचा असतो तसा माणसाच्या चालण्याचाही एक ठसा असतो. पाऊल किती उचलतो, कोणता खांदा खाली टाकतो, वळताना अंग कसं सावरतो, हे कुणाचंच दुसऱ्यासारखं नसतं. नोंदीतल्या प्रत्येक माणसाचा चालठसा सरकारने घेऊन ठेवला होता. जागल्यातून निघालेल्या रेडिओलहरी आसपास चालणाऱ्यांवर आपटून परत येत आणि ठसा जुळला की पट्टा थरथरे. नाव सांगायचा नाही, बोट दाखवायचा नाही. जवळपास कुणीतरी आहे, इतकंच. भिंतीपलीकडचं त्याला कळत नसे, आणि माणूस बसलेला असेल तरी कळत नसे. घरात सोळा वर्षांखालचं मूल असेल त्या कुटुंबाला अर्ज केला की पट्टा मिळायचा.

गेटातून पांढरी गाडी आत आली. हुबळीहून प्रणिताची नणंद वृषाली आणि तिचा नवरा सुशांत दिवाळीला आले होते. सुशांतला घरातले सगळेच दाजी म्हणत. प्रणिताचा नवरा विश्वजित बॅगा घ्यायला धावला. सासरे आप्पाही जावई आले म्हणून खाली उतरले. दाजी गाडीतून उतरून थेट किल्ल्याकडे आले आणि शिवन्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय सरदार, गड कुठला?"

त्याच वेळी चौगुलेकाकूंनी मनगट पकडलं.

"अगंबाई! थरथरला!"

उरलेल्या दोघीही ताडकन उभ्या राहिल्या. "माझा पण." "माझा पण की!" तिघींनी प्रणिताकडे बघितलं. तिचा जागल्या गप्प होता.

मग सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी गेले. चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या, पन्नाशीला आलेल्या, लग्न न केलेल्या मगदूमांकडे.

बायकांनी पोरांना ओढून नेलं. मगदूमांना काही कळेना. हातातलं घमेलं तसंच धरून ते विचारत राहिले, "काय झालं? कुणाला काय चावलं काय?"

दोन महिने हा माणूस रोज गेटातून ये-जा करतोय, तेव्हा पट्टे कसे नाही थरथरले, हा प्रश्न एकाने विचारला खरा. त्याचं उत्तरही तयारच होतं. चाल बदलणारे तळवे म्हणे चोरून विकायला येतात, बुटात घालायचे. आज तो अनवाणी होता, म्हणून सापडला! हे उत्तर इतकं चपखल बसलं की पुढे विचार करायची कुणाला गरजच वाटली नाही. प्रणितालाही वाटली नाही. उलट तिला मोकळं वाटलं. धोका कुठल्या दारामागे आहे हे एकदा कळलं की त्या दारापासून पोरीला लांब ठेवता येतं.

दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला, फराळाची ताटं आत ठेवून सगळी सोसायटी पार्किंगमध्ये जमली. मगदूमांना बूट काढायला लावले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. दोन्ही बाजूंना आईबाप मनगटं पुढे करून उभे. मगदूम मान खाली घालून गेले, परत आले. एकही पट्टा थरथरला नाही.

"मुद्दाम वेगळं चालायलाय," कुणीतरी म्हणालं.

"मग कसं चालू?" मगदूम थांबले. "तुम्हीच सांगा, तसं चालतो."

संध्याकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. बहिणीकडे गेले म्हणे, शिरोळला. अर्धवट किल्ल्याशेजारी पांढऱ्या मातीचं पोतं तोंड न सोडता पडून राहिलं. पळाला म्हणजे तोच असणार, असं म्हणून चौगुलेकाकूंनी विषय मिटवला आणि जाता जाता प्रणिताला सांगितलं, "तू मात्र तो जागल्या दुरुस्तीला टाक बाई. आमचे तिघींचे थरथरले आणि तुझा ढिम्म! पोरीच्या हिशेबानं बरं न्हवं ते."

प्रणिताने मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने लांबूनच पट्टा तपासला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा पट्टा एकदम चांगलाय. काहीच बिघाड नाही."

"अहो, शेजारी बसलेल्या तिघींचे थरथरले. माझाच नाही."

"मग तो माणूस तुमच्या घरच्या माणसांत असेल, मॅडम. घरच्यांना पट्टा तपासत नाही." मुलगी हे इतक्या सहज बोलली की तिला आपण काय बोललो ते कळलं नसावं. "आणखी काही मदत हवीय का?"

प्रणिता फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. कढईतली चकली करपली तरी ती हलली नाही.

घरची माणसं ही सोय खरं तर बॅटरी वाचवण्यासाठी होती. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्यांच्या चाली तपासण्यात पट्ट्याने दम का घालवावा, असा इंजिनियरांचा साधा विचार. आपल्या घरातली चार-पाच नावं घालायची, पट्टा त्यांना सोडून देतो. पण इंजिनियरांना आपली माणसं ठाऊक नव्हती. पट्टे आले त्या महिन्यातच ही सोय मानपानाची बाब झाली. अमक्याने सख्ख्या मेव्हण्याला घरच्यांत घातलं नाही म्हणून बारशाला कुणी आलं नाही. तमक्या व्याह्याने भर मांडवात विचारलं, आम्हाला तपासून घेणार काय? मग लोकांनी वादच नको म्हणून चुलते, मामा, आत्याचे नवरे, व्याही, भाऊबंद, सगळे आत घेऊन टाकले. खराड्यांच्या घरी आप्पा स्वतः शेजारी बसून एकेक नाव सांगत होते. पहिलं नाव त्यांनी जावयाचं घालायला लावलं.

आणि आता तिला आठवलं. तेव्हा हुबळीहून दाजींचा फोन आला होता. हसत हसत त्यांनी विचारलं होतं, "काय वहिनी, आम्हाला घातलंय ना घरच्यांत? का परके आम्ही?" तीही हसली होती.

पट्टे थरथरले त्या संध्याकाळी किल्ल्यापाशी तिची घरची माणसं चारच होती. विश्वजित, आप्पा, वृषाली आणि दाजी. तिने विश्वजितकडे बघितलं. तो बाल्कनीत आकाशकंदील नीट करत होता. बारा वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदा नवऱ्याच्या पावलांकडे टक लावून बघितलं, आणि स्वतःची इतकी शिसारी आली की ती तोंडावर पाणी मारून आली. नाही, विश्वजित आणि आप्पा तर रोज काकूंच्या समोरून जातात. त्यांच्यावर पट्टे थरथरायचे असते तर केव्हाच थरथरले असते. त्या दिवशी नवीन आलेले दोघंच. वृषाली आणि दाजी.

दाजी दिवाणावर बसून शिवन्याला पत्त्यांचा बंगला करून दाखवत होते.

प्रणिता आता त्यांना निराळ्याच नजरेने बघू लागली. आल्यापासून ते खाली उतरले नव्हते. तेल संपलं तर विश्वजित गेला, फटाके आणायला आप्पा गेले. जावयाने सासुरवाडीला बसूनच खायचं असतं, अशी चेष्टा सगळ्यांनी केली आणि दाजी हसले. गेल्या दिवाळीला ते आलेच नव्हते, सुट्टी नाही म्हणाले होते. गेल्या दिवाळीला जागल्या नुकताच आला होता. आणि मस्कत. लग्नाआधी ते चार वर्षं मस्कतला होते, असं सासूबाईंनी स्थळ आणताना सांगितलं होतं. बाहेरदेशी राहून आलेला माणूस तिथल्या उन्हाच्या, खाण्याच्या, पगाराच्या गोष्टी सांगून वीट आणतो. दाजींनी मस्कतची एकही गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती चार वर्षं ते खरंच तिथे होते? सासूबाई वारल्या, आता विचारायचं कुणाला?

भाऊबीज झाली की शिवन्या आत्याबरोबर हुबळीला जाणार होती, सुट्टी संपेपर्यंत. तिची बॅग केव्हाच भरून दारात ठेवली होती. कर्नाटकात अजून जागल्या नव्हता. आणि हुबळीच्या घरात वृषाली बालवाडी चालवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वजितला आत बोलवून तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला.

"येडी झालीस काय? जावई हाय तो आपल्या घरचा."

"म्हणूनच माझा थरथरला नाही ना."

"हे बघ, एक तर काकूंचं काय खरं नसतंय. आणि नाव काढलं की त्या माणसाला लगेच मेसेज जातोय, तुला म्हाईत हाय. दाजींना तो मेसेज गेला तर ताईनं कुठं तोंड दाखवायचं? माहेर तुटंल तिचं." तो आवाज खाली आणून म्हणाला, "शिवन्याला ताप आलाय म्हण. नको पाठवू. विषय संपला."

"या सुट्टीला ताप. पुढच्या सुट्टीला?" प्रणिताला रडू येत होतं, पण ती बोलत राहिली. "आणि ताईंच्या बालवाडीत कुणाच्या पोरी येतात? मगदूमांना आपण सगळ्यांनी पार्किंगमधून अनवाणी चालवलं. मीही मनगट पुढं करून उभी होते. ते परके, म्हणून चालवलं. ह्यांना कोण चालवणार?"

"दाजी तसला माणूस न्हाई," विश्वजित म्हणाला.

"मी कुठं म्हणतेय तसले आहेत म्हणून? मला माहीत नाही, एवढंच म्हणतेय. तुला माहीत आहे?"

तो दार उघडून बाहेर गेला.

भाऊबीजेच्या दिवशी वृषालीने भावाला ओवाळलं. जमिनीवर पाट मांडले, रांगोळी काढली, आणि माहेरवाशीण म्हणून वृषालीलाही पंगतीत बसवलं. आप्पा, मग दाजी, त्यांच्याजवळ शिवन्या, पलीकडे विश्वजित आणि वृषाली. प्रणिता बासुंदी-पुरी वाढत होती. जेवणं झाली की हुबळीची गाडी निघणार होती.

पुऱ्यांची दुसरी फेरी वाढून ती आत आली. एकट्या दाजींचं नाव काढायची तिची हिंमत नव्हती. तो सरळ आरोप झाला असता, आणि आपला अंदाज चुकला असेल तर? तिने फोनवर घरच्या माणसांचं पान उघडलं. विश्वजितपासून पुण्याच्या चुलत सासऱ्यांपर्यंत नावंच नावं. खाली एक बटण होतं. 'सगळी नावं काढा.' आपण घर मोडतोय, असं तिला स्पष्ट वाटलं. तरी तिने बटण दाबलं आणि पुऱ्यांची परात घेऊन बाहेर आली.

आधी विश्वजितचा फोन वाजला, मग वृषालीचा, मग दाजींचा. आप्पांना बारीक अक्षर दिसत नसल्यामुळे त्यांचा फोन मेसेज मोठ्याने वाचून दाखवायचा. भर पंगतीत तो खणखणीत आवाजात म्हणाला, "खराडे कुटुंबाने आपले नाव घरच्या माणसांतून काढले आहे."

तोंडाशी गेलेला आप्पांचा हात तिथेच राहिला.

"काय गं हे?" ते म्हणाले. "माझंच नाव? माझ्याच घरातनं?"

"सगळ्यांची काढलीत, आप्पा. कुणा एकाचं नाही."

"का पण? आमच्यातला कोण चोर हाय काय?" आयुष्यात कधी भरल्या ताटावरून न उठलेले आप्पा उठले. तरातरा दारापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा दाराकडे गेले. प्रणिताने डाव्या मनगटावर उजवा हात घट्ट धरला होता. पट्टा गप्प होता.

विश्वजित पाटावरून उठून तिच्यापर्यंत आला. "पंगतीत करायची गोष्ट हाय ही? सांगितलं होतं ना तुला?" त्याचा चेहरा लाल झाला होता. पट्टा गप्प होता. इतक्या गोंधळातही तिच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि नवऱ्याला आपण तपासून घेतलं याची लाज वाटली.

"मला कळतंय हे कुणासाठी चाललंय ते!" वृषाली रडतच उठली. "जावयाची परीक्षा घेताय होय? आई असती तर असलं झालं असतं काय या घरात?" ती खोलीत गेली, बॅग फरफटत बाहेर आली, दारात चपला शोधू लागली. पट्टा गप्प होता.

सगळे उभे होते. बसलेले दोघंच. शिवन्या आणि दाजी.

"शिवन्या, इकडं ये," प्रणिता म्हणाली.

"माझी बासुंदी राहिलीय."

"आधी ये."

पोर वाटी हातात घेऊनच उठली आणि आईच्या पदराशी येऊन उभी राहिली.

दाजींनी अजून फोन बघितला नव्हता. काय मेसेज आहे हे त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. ते रागावले नव्हते, हसतही नव्हते. त्यांची नजर प्रणिताच्या मनगटावर होती. ताट रिकामं होतं आणि बोटांवरची बासुंदी वाळत चालली होती.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "एक पुरी वाढा."

तिने परात खाली ठेवली. "हात धुवून घ्या, दाजी. बेसिन त्या टोकाला आहे."

"जेवण व्हायचंय माझं."

आप्पा येरझाऱ्या घालता घालता थांबले. विश्वजितने बायकोकडे बघितलं, मग दाजींकडे, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. खालून पोरांच्या फटाक्यांचे आवाज येत होते.

"अहो, उठा की!" दारातून वृषाली ओरडली. "एवढा अपमान झाला आणि पुऱ्या कसल्या मागताय? चला, पाणीसुद्धा प्यायचं नाही या घरात."

दाजी हलले नाहीत. त्यांनी पाटावर मांडी आणखी घट्ट घातली.

वृषालीच्या हातातली चप्पल खाली पडली. ती दोन पावलं आत आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज एकदम वेगळा झाला.

"अहो... उठत का नाही तुम्ही?"